कंपनीतून सुटलेल्या पोरांना बसायला जागा: वस्तीतलं युवा केंद्र कोणत्या क्रमाने उभारायचं

पिंपरी-चिंचवडमधल्या भोसरी, चिखली, मोशी या कारखान्यांच्या पट्ट्यात बाहेरगावच्या पोरांसाठी केंद्र काढायचं म्हटलं की गाडी ठरलेल्या रुळावरून जाते. कुणीतरी खोली देतो. तिला रंग लागतो, भिंतीवर फुलपाखरं आणि सुविचार येतात, चार संगणक येतात, फीत कापली जाते. पोरं शोधायची आठवण त्यानंतर होते. आमचं पहिलं केंद्र असंच उभं राहिलं आणि आठ महिन्यांत बंद पडलं. दुसरं चाललं, कारण त्या वेळी क्रम उलटा धरला: आधी घड्याळ, मग माणसं, मग जागा, आणि सामान सगळ्यात शेवटी.

हा लेख मंडळं, छोट्या संस्था, कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक कामाच्या) विभागातले लोक आणि हौसेने हे काम अंगावर घेणाऱ्यांसाठी आहे. पोरं म्हणजे १६ ते २५ वयाची मुलं-मुली. काही बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, बंगालमधली, तर काही बीड, लातूर, नांदेडची. भोसरीत नांदेडचा पोरगाही बाहेरचाच असतो, हे सुरुवातीलाच लक्षात घ्या.

टप्पा १: वस्तीचं घड्याळ मांडा

यासाठी दोन आठवडे ठेवा. या काळात खोली बघायला जाऊ नका, कुणी दाखवली तरी.

एक मोठा कार्डशीट घ्या. वरच्या कडेला सकाळी पाच ते रात्री एकपर्यंतचे तास लिहा. डावीकडे गट लिहा: फर्स्ट शिफ्ट, सेकंड शिफ्ट, नाईट, बारा तासवाले, मजूर अड्ड्यावर उभे राहणारे, शाळा-कॉलेजवाले, घरात असणाऱ्या मुली. प्रत्येक गटातल्या निदान पाच जणांशी बोला आणि त्यांचे मोकळे तास पेन्सिलने रंगवा. मोठ्या कंपन्यांत पाळ्या साधारण सकाळी सात, दुपारी साडेतीन आणि रात्री बाराच्या आसपास बदलतात. छोट्या वर्कशॉपमध्ये मात्र सरळ आठ ते आठ. तिथला पोरगा साडेआठला रूमवर येतो, अंघोळ करतो, खानावळीत जेवतो आणि सव्वानऊला मोकळा होतो. तुमचं केंद्र आठला बंद होत असेल, तर ते त्याच्यासाठी नाहीच.

आता आठवडा मांडा. भोसरी एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. आमचं पहिलं केंद्र गुरुवारी बंद असायचं, कारण शिकवायला येणाऱ्या ताईंना तो दिवस सोयीचा नव्हता. रविवारी आम्ही पेटी-तबला घेऊन बसायचो आणि पोरं मशीनवर उभी असायची. तीन महिने हे कळलं नाही.

मग पाणी. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी येतं. पाण्याचा दिवस आणि नळाची वेळ वस्तीप्रमाणे बदलते. नळ चालू असताना घरातली मुलगी कुठेही जाणार नाही, मग तुमचा कार्यक्रम कितीही चांगला असो.

शेवटी वर्ष. होळी, लग्नसराई, दिवाळीपासून छठपर्यंत वस्ती अर्धी रिकामी होते. या दिवसांत केंद्र सुरू करू नका आणि हजेरी घटली म्हणून घाबरूही नका.

तपासा: तक्त्यावर असे दोन तरी पट्टे दिसायला हवेत जिथे तीन-तीन गट एकाच वेळी मोकळे आहेत. ते दोन पट्टे म्हणजे तुमच्या केंद्राची वेळ. ते दिसत नसतील तर आणखी माणसांशी बोला.

टप्पा २: विचारायचं कसं

सर्व्हेचा फॉर्म घेऊन जाऊ नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये कुदळवाडी-चिखलीत महापालिकेने भंगाराची गोदामं आणि पत्र्याची शेडं हजारोंच्या संख्येने पाडली. तेव्हापासून तिकडे हातात कागद असलेल्या माणसाकडे लोक वेगळ्या नजरेने बघतात. बंगाली बोलणाऱ्या पोरांना तर, आपण बांगलादेशी नाही हे दाखवायला, गाव मालदा की मुर्शिदाबाद, हे आधार कार्डासकट सिद्ध करावं लागतं. त्यांना तुम्ही नाव, गाव, मोबाइल विचारलात तर ती पुन्हा दिसणार नाहीत.

खानावळीच्या काकूंपासून सुरुवात करा. कोण कोणत्या गावचा, कोणाची नोकरी सुटली, कोण दोन दिवस जेवायला आला नाही, हे त्यांना ठाऊक असतं. नंतर मोबाइल रिचार्जवाला, सलूनवाला, रूममालक आणि शेवटी कॉन्ट्रॅक्टर. कॉन्ट्रॅक्टरला आधी गाठलंत तर केंद्र त्याचंच आहे असं पोरांना वाटतं, आणि ते पुसायला वर्ष जातं.

‘तुम्हाला काय हवंय?’ हा प्रश्न टाळा. उत्तर एकच येतं, ‘जिम’. त्याऐवजी विचारा: काल कामावरून सुटल्यावर कुठे बसला होतास? तिथून का उठलास? गावी फोन कुठून करतोस? या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला एका ओडिशाच्या मुलाने दिलं: ‘जिन्यात. रूममध्ये सहा जण असतात, घरचं कसं बोलणार?’ आमच्या दुसऱ्या केंद्रातला पहिला कोपरा त्या वाक्यातून आला. प्लायवूडच्या दोन आडभिंती, एक स्टूल आणि एक प्लग. बाकी काही नाही.

टप्पा ३: खोलीशिवाय सहा आठवडे चालवून बघा

खानावळी दुपारी तीन ते सात रिकाम्या असतात. काही ठिकाणी शाळेची व्हरांडी मिळते, काही ठिकाणी देवळाचा सभामंडप. सतरंज्या, दोन कॅरम बोर्ड, एक एक्स्टेन्शन बोर्ड आणि पाण्याचा जार एवढ्यावर सहा आठवडे काढा. दिवस आणि वेळ पक्की ठेवा. एकही दिवस चुकवू नका, पाऊस असला तरी.

या काळात वहीत फक्त तीन गोष्टी लिहा: कोण परत आला, कोण दारातून बघून गेला, आणि पोरं आपसात कशावरून भांडली. तिसरी नोंद पुढे आखणी करताना सोन्यासारखी उपयोगी पडते. आमच्याकडे सगळी भांडणं चार्जिंगवरून झाली.

थांबा: सहा आठवड्यांनंतर तिसऱ्यांदा आलेली पोरं पंधराच्या आत असतील तर भाड्याची खोली घेऊ नका. वेळ बदला, पुन्हा चार आठवडे बघा.

टप्पा ४: जागा आणि तिचे कागद

महापालिकेचं समाजमंदिर हवं असेल तर नगरसेवकाचा तोंडी शब्द पुरत नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये मिळकती भूमी आणि जिंदगी विभागाच्या ताब्यात असतात. अर्ज तिथे द्या, प्रत क्षेत्रीय कार्यालयात द्या आणि दोन्हींवर आवकचा शिक्का घ्या. तोंडी मिळालेली जागा निवडणुकीआधी प्रचार कार्यालय होते.

खासगी खोली घेत असाल तर लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवलेला हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी असणं आणि नोंदवणं बंधनकारक आहे. ती जबाबदारी मालकाची असली तरी गरज तुमची आहे. नेहमीच्या अकरा महिन्यांच्या करारात एक गंमत असते. तुम्ही फरशी घालता, वायरिंग करता, आणि बाराव्या महिन्यात मालकाला ती खोली भलतीच आवडू लागते. ३६ महिन्यांचा करार मागा, दरवर्षीची वाढ आकड्यात लिहून घ्या आणि दुरुस्तीचा खर्च भाड्यातून वळता करायचं कलम घाला.

बांधकाम अधिकृत आहे का, हे करपावतीवरून ठरत नाही. मिळकत कर अनधिकृत बांधकामालाही लागतो. बांधकाम परवानगीची प्रत मागा. मालक ‘इकडे कुणाकडेच नसते’ म्हणाला तर ते खरंही असू शकतं, पण मग तिथे दोन-तीन लाख ओतू नका. उचलून नेता येईल एवढंच सामान ठेवा.

जागा बघताना तीन गोष्टी पायाने तपासा. वस्तीतल्या सर्वात लांबच्या चाळीपासून चालत किती मिनिटं लागतात? दहाच्या वर गेली तर बारा तास उभं राहून आलेला पोरगा येणार नाही. वाटेत दारूचं दुकान किंवा अड्डा आहे का? आणि दारासमोर दोन माणसं बोलत उभी राहतील एवढी मोकळी जागा आहे का? शेवटचा प्रश्न सगळे विसरतात. नवा पोरगा पहिल्या दिवशी आत येत नाही, तो दारासमोर उभा राहतो. तिथून थेट रस्ताच सुरू होत असेल तर तो निघून जातो.

टप्पा ५: मुलींचा विचार नकाशाच्या आधी

‘आमच्याकडे मुलीही येऊ शकतात’ असं म्हणणाऱ्या केंद्रांत मुली नसतात. त्यांच्यासाठी वेगळी वेळ, वेगळं कपाट आणि वेगळी वाट लागते, आणि हे खोलीचं काम सुरू होण्याआधी ठरवावं लागतं.

वाट: संध्याकाळी साडेसातला एखाद्या मुलीसोबत तिच्या घरापासून केंद्रापर्यंत चाला. ती कुठे पावलं भरभर टाकते ते बघा. तिथला दिवा बंद असेल तर क्षेत्रीय कार्यालयाच्या विद्युत विभागात तक्रार द्या आणि दिवा लागेपर्यंत संध्याकाळची वेळ जाहीर करू नका.

खिडकी: बाहेरून आतली डोकी दिसावीत, चेहरे दिसू नयेत. खिडकीची खालची कड साधारण साडेचार फुटांवर घ्या, किंवा तिथवर दुधी काचेचा कागद लावा. पूर्ण बंद खोलीत आई पाठवत नाही आणि पूर्ण उघड्या खोलीत मुलगी बसत नाही.

धाकटी भावंडं: बहुतेक मुलींच्या कडेवर किंवा बोटाला कोणीतरी असतंच. सहा बाय सहा फुटांचा कोपरा, चटई आणि खेळण्यांची एक टोपली ठेवा. ‘लहान मुलांना आणू नये’ अशी पाटी लावलीत की मुली गेल्या.

संडास: आत असावा, कडी मजबूत असावी, झाकणाची कचरापेटी असावी. सॅनिटरी पॅड संडासातच ठेवा, टेबलावर नकोत.

आयांची परवानगी: घरी जाऊन घ्या, दोनदा जा, आणि दुसऱ्या वेळी आईलाच जागा बघायला बोलवा. आमच्याकडे मुलींची वेळ दुपारी दोन ते चार ठरली. ती आयांनीच सुचवली. त्या वेळी नळ नसतो आणि घरातले पुरुषही नसतात.

टप्पा ६: खोलीची आखणी

आता कुठे टेप हातात घ्या. वीस बाय पंधरा म्हणजे ३०० चौरस फुटांच्या खोलीत जमिनीवर बसणारी वीस माणसं नीट मावतात. भारतीय बैठकीला माणशी दहा चौरस फूट धरा आणि कॅरमला चार खेळणाऱ्यांसह सहा बाय सहाची जागा वेगळी काढा. खुर्च्या आणल्यात तर तीच खोली बारा जणांची होते.

दार आणि हात. आमच्या पहिल्या केंद्रात पांढऱ्याशुभ्र टाइल्स होत्या. एक पोरगा रोज यायचा आणि दाराच्या चौकटीला टेकून उभा राहायचा. आत ये म्हटलं की हात मागे घ्यायचा. सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कटाई मशीनवर, काम करणारा होता. नखांत काळं, बाह्यांना कूलंटचा वास. त्याला ती टाइल आपली वाटत नव्हती. दुसऱ्या केंद्रात आम्ही दाराबाहेर बेसिन बसवलं, शेजारी डब्यात कपड्यांची पावडर आणि लाकडाचा भुसा ठेवला, कारण ग्रीस निव्वळ साबणाने निघत नाही. खाली शहाबादी फरशी घातली. फरशी मळकी दिसत नाही आणि उन्हाळ्यात गारही राहते. पोरं हात धुता धुता बोलायला लागतात आणि बोलता बोलता आत येतात. संगणकांपेक्षा त्या बेसिनने जास्त काम केलं.

बेसिनच्या बाजूला चपलांसाठी मांडणी हवी. त्यात सेफ्टी शूज मावतील एवढी खोली ठेवा, साध्या चपलांच्या मापाची मांडणी नको. हे बूट चोरीला जातात. म्हणून मांडणी आतून दिसेल अशी लावा.

वीज. चार्जिंगचे निदान बारा प्लग एकाच भिंतीवर, कंबरेच्या उंचीवर, प्रत्येकाखाली फोन ठेवायला अरुंद फळी. प्लग खोलीभर विखुरले की पोरं कोपऱ्या-कोपऱ्यात एकटी बसतात. एका भिंतीवर आले की शेजारच्याशी बोलणं होतं. वायरिंगला अर्थिंग आणि करंट गळतीला तुटणारा ब्रेकर हवाच. भाड्याच्या खोलीत मालक ‘अर्थिंग आहे’ म्हणतो. इलेक्ट्रिशियनला टेस्टर लावायला सांगा.

उजेड. वाचायच्या भिंतीजवळ पांढरा प्रखर दिवा, बाकी खोलीत मंद. सगळीकडे ट्यूबलाइटचा एकसारखा झगझगाट असेल तर दिवसभर शॉपफ्लोअरवर असलेल्या पोराला पुन्हा कंपनीत आल्यासारखं वाटतं.

ऊन. वर पत्रा असेल तर एप्रिलमध्ये दुपारी आत बसणं अशक्य. पत्र्याला वरून पांढरा उष्णतारोधक रंग, खालून सीलिंग आणि वाऱ्याने फिरणारा टर्बो फॅन, या क्रमाने खर्च करा. एसीचा विचार करू नका. बिल कोण भरणार, यावरून केंद्रं बंद पडतात.

येणं-जाणं. उंबऱ्याला उतार द्या, एका फूट उंचीला बारा फूट लांबी या प्रमाणात. कंपनीत बोटं किंवा पाय गमावलेली पोरं या पट्ट्यात कमी नाहीत. दार बाहेर उघडणारं हवं, शक्य असल्यास दुसरं दारही हवं. एबीसी पावडरचं अग्निशामक दाराजवळ टांगा आणि भरल्याची तारीख बघत जा.

तपासा: रंग लावण्याआधी खडूने जमिनीवर सगळे कोपरे आखा आणि दहा पोरांना तासभर बसवा. आमच्याकडे या तासात वाचनाचा कोपरा दोनदा हलला. भिंतीवरची चित्रं पुढे बघू. भिंत मोकळी असेल तर पोरं आपणहून गावाचा नकाशा, पगाराची तारीख, क्रिकेटचा स्कोअर लावतात.

टप्पा ७: आत काय चालवायचं

सगळे इंग्लिश स्पीकिंगचा वर्ग काढतात. पहिल्या आठवड्यात चाळीस, चौथ्यात पाच. आमच्याकडे भरून वाहिला तो व्हर्निअर, मायक्रोमीटर ही मापं घेण्याची साधनं आणि पार्टचं ड्रॉइंग वाचण्याचा वर्ग. कारण सरळ आहे: हेल्परचा ऑपरेटर होण्यामधली अडचण तीच असते आणि पगारातला फरकही तिथेच असतो. एक निवृत्त फोरमन आठवड्यातून दोनदा यायचे. त्यांना मानधनापेक्षा चहा वेळेवर लागायचा.

दहावी-बारावी सुटलेल्यांसाठी १७ नंबरच्या फॉर्मची, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसायच्या अर्जाची, माहिती ठेवा. त्याची मुदत परीक्षेच्या कितीतरी आधी संपते. मंडळाचं परिपत्रक दरवर्षी बघा.

कागदपत्रांसाठी आठवड्यातून एक ठरलेला तास ठेवा. नेहमीच्या चुका या: गावी कुटुंबाचं रेशनकार्ड असेल तर ‘एक देश एक रेशनकार्ड’ योजनेत आपल्या वाट्याचं धान्य इथल्या दुकानात घेता येतं, हे पोरांना माहीत नसतं, आणि दुकानदार आपणहून सांगत नाही. ई-श्रम नोंदणी १६ ते ५९ वयाच्या असंघटित कामगारांसाठी आहे. कॉन्ट्रॅक्टर पीएफ कापत असेल तर पोरगा त्यात बसत नाही. आधी पगारपत्रक बघा. आणि आधारला गावच्या बंद पडलेल्या सिमचा नंबर जोडलेला असतो, त्यामुळे ओटीपीवर सगळं अडतं. पहिलं काम तेच.

थांबा: कुणाचंही मूळ कागदपत्र कपाटात ठेवून घेऊ नका. ‘सांभाळून ठेवा दादा’ असं म्हणून देतात, तरी नाही. कॉन्ट्रॅक्टरही तसंच म्हणून घेतो.

टप्पा ८: किल्ली, नियम, शेजारी

समिती करताना राज्यवार प्रतिनिधी घेऊ नका. बिहारचा एक, लातूरचा एक असं केलंत की प्रत्येक भांडण प्रांताचं होतं. पाळीवार घ्या: फर्स्टचे दोन, सेकंडचे दोन, नाईटचा एक, मुलींच्या दोन, स्थानिक दोन. ‘स्थलांतरित युवा केंद्र’ अशी पाटीही लावू नका. नाव पोरांना ठरवू द्या. आमच्या पोरांनी ‘बैठक’ ठरवलं आणि वाद संपला.

खरी सत्ता किल्लीत असते. ती कार्यकर्त्याच्या खिशात असेल तर तो आजारी पडला की केंद्र आजारी. किल्ल्या दोन ठेवा: एक समितीकडे पाळीप्रमाणे फिरती, एक शेजारच्या दुकानदाराकडे, वहीत सही करून मिळणारी.

हजेरीच्या वहीत पहिलं नाव आणि वयोगट एवढंच. १८ खालच्यांसाठी मात्र नियम कडक: कुठल्याही वेळी दोन मोठी माणसं हजर, एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत कुणीही बसायचं नाही. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर पोक्सो कायद्यात कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. ‘आधी आपसात बघू’ हा पर्याय नाही. १४ च्या आतलं मूल कामाला लावलेलं दिसलं तर १०९८ या चाइल्डलाइनला फोन. हा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात, हिंदी आणि मराठीत लिहा.

शेजाऱ्यांच्या तक्रारी तीनच असतात: दारासमोर बाइक, सिगारेट आणि आवाज. उघडण्याआधी दोन्ही बाजूंच्या दहा घरांत समितीतल्या पोरांना घेऊन जा, फोन नंबर देऊन या. स्पीकर आणूच नका. रात्री दहानंतर तो कायद्याने बंदच आहे, आणि तुमची गर्दी नेमकी त्याच वेळी असते. गणपतीत मंडळाच्या मांडवाला पोरांनी हात लावला आणि छठला मंडळाने इंद्रायणी घाटावर जायला टेम्पो दिला, तर पुढची बरीच भांडणं होतच नाहीत. पण हे तुम्ही जुळवून आणायला जाऊ नका. दोन्हीकडच्या पोरांना कॅरमवर एकत्र बसू द्या.

टप्पा ९: पहिले तीन महिने

रोजचा आकडा फसवा असतो. महिन्याला चार प्रश्न विचारा. या महिन्यात पहिल्यांदा आलेले किती? त्यांतले तिसऱ्यांदा आलेले किती? यायचे थांबलेले कोण? मुली किती? थांबलेल्यांपैकी निदान तिघांना रूमवर जाऊन भेटा. बहुतेकदा कारण पाळी बदलल्याचं असतं. कधी एखाद्या दादाने कॅरम अडवलेला असतो, आणि ते वहीत कधीच दिसत नाही.

तिसऱ्या महिन्यात टप्पा एकचा तक्ता पुन्हा काढा आणि वेळ बदलायची असेल तर तेव्हा एकदाच बदला. दर पंधरवड्याला बदललेली वेळ कुणाच्याच लक्षात राहत नाही.

दिवाळीच्या आधी पोरं गावी निघतात आणि बरीचशी छठ उरकूनच परततात. तोवर केंद्र बंद ठेवायला हरकत नाही. फक्त दारावर उघडण्याची तारीख हिंदी-मराठीत लिहा, किल्लीवाल्या दुकानदाराला तोंडी सांगा, आणि त्या तारखेला संध्याकाळी बेसिनजवळच्या डब्यात पावडर आहे ना, ते बघूनच दार उघडा.